मास्तरांनी टाळलेला ट्रेस

डोळ्यांच्या त्या दवाखान्यात त्यांना सगळे मास्तर म्हणत. शाळेत त्यांनी कधीच शिकवलं नव्हतं. तरुणपणी टायपिंगचा क्लास चालवायचे. बारा मशीन, एक फळा आणि भिंतीवर कोणत्या बोटाने कोणतं अक्षर ते दाखवणारं चित्र, एवढाच संसार. पण नाव चिकटलं ते चिकटलंच. पुढे टायपिंगला कुत्रं विचारीना, तेव्हा दवाखान्याने पहिले चार कॉम्प्युटर घेतले आणि ते चालवायला माणूस हवा म्हणून मास्तरांना बोलावलं. मास्तर गेले आणि तिथलेच झाले. डेटाबेस म्हणजे काय हे ते कुठल्या कॉलेजात शिकले नाहीत. जाडजूड पुस्तकं आणून, समासात पेन्सिलीने टिपा करत, चष्म्याचा नंबर वाढवून घेत शिकले. रुग्णाचं नाव, केसपेपरचा नंबर, कोणता डोळा, ऑपरेशनच्या यादीत क्रमांक कितवा, हे सगळं एका जागी मांडून ठेवायचं आणि कोणी विचारलं की क्षणात काढून द्यायचं, हे त्यांचं काम. बावीस वर्षं त्यांनी ते एकट्याने ओढलं.

मुख्य मशीन होतं मागच्या बाजूच्या एका अरुंद खोलीत. पूर्वी तिथे चष्म्याच्या फ्रेमा ठेवत. भिंतीवर अजून फ्रेमांच्या आकड्या होत्या, त्यांवर मास्तर आपली पिशवी, छत्री आणि वायरींची भेंडोळी अडकवत. खोलीत गारवा असायचा आणि एकसारखी घरघर. बाहेरच्या बाकांवर एका डोळ्याला हिरवी पट्टी लावलेली माणसं बसलेली असत. त्यांच्यामधून वाट काढत मास्तर खोलीत शिरले की दार लावून घेत. आत काय चालतं ते कोणाला कळत नसे आणि त्यामुळे मास्तरांचा शब्द कोणी खोडत नसे. स्वभाव कडक होता, माणूस वाईट नव्हता. दुसऱ्याची चूक त्यांना खपत नसे, आणि आपली चूक होऊ शकते हे तर त्यांच्या गावीही नव्हतं.

नोंदणीच्या दोन खिडक्या होत्या. दुसऱ्या खिडकीवर चौदा वर्षं एक बाई बसत. कॉम्प्युटरमध्ये त्या खिडकीचं खातं ‘काउंटर दोन’ या नावाचं, म्हणून डॉक्टरही त्यांना थट्टेने ‘दोन नंबरच्या बाई’ म्हणत. बाईंना माणसं लक्षात राहत. सहा महिन्यांनी आलेल्या म्हाताऱ्यालाही त्या काचेतल्या गोल भोकातून विचारत, “काय आजोबा, डावा झाला ना, आता उजव्यासाठी आलात?” म्हातारा निम्मा बरा तिथेच व्हायचा.

मागच्या वर्षी ऑपरेशनच्या यादीतून नावं गायब व्हायला लागली.

एकदम नाही. महिन्यात एखाददुसरं. कोणी आपली पाळी विचारायला यायचं, आणि यादीत नावच नसायचं. केसपेपर असायचा, डॉक्टरांची सही असायची, पण यादीत जागा नाही. अशा सहा तक्रारी झाल्या तेव्हा अधीक्षक मॅडमनी मास्तरांना शोध घ्यायला सांगितलं. डेटाबेसमध्ये एक साधी नोंद आपोआप होत असे: कोणती ओळ पुसली गेली, कोणत्या खात्यावरून, किती वाजता. मास्तरांनी ती काढली. सहाच्या सहा नोंदी काउंटर दोनवरून पुसल्या होत्या. वेळ प्रत्येक वेळी तीच, दुपारी एक वाजून दहा मिनिटं.

एक ते दीड जेवणाची सुट्टी. खिडक्यांचे पडदे खाली असत. पहिल्या खिडकीवरचे कारकून बाहेर जात आणि बाई आपल्या जागेवरच, कीबोर्ड बाजूला सारून डबा खात. म्हणजे त्या वेळी काउंटर दोनजवळ बाईंशिवाय कोणी नसायचं. शिवाय पुसलेल्यांपैकी चार नोंदी पहिल्या खिडकीने केलेल्या होत्या. दुसऱ्याने केलेल्या नोंदी ही बाई का पुसते? कुजबुज सुरू झाली की ओळखीच्या माणसांना पुढे सरकवायला मधली नावं काढत असेल.

मॅडमच्या दालनात बैठक झाली. मॅडम, दोन डॉक्टर, मेट्रन, पहिल्या खिडकीचे कारकून, मास्तर आणि बाई. मास्तरांनी छापलेले दोन कागद टेबलावर ठेवले आणि बोट ठेवून एकेक वेळ वाचून दाखवली. बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. मग त्या म्हणाल्या की मी यातलं एकही नाव पुसलेलं नाही, त्या वेळी मी जेवत होते. मास्तर म्हणाले, मशीन कोणाच्या बाजूचं नसतं, जे घडलं ते लिहितं.

तेव्हा बाईंनी मास्तरांकडे वळून विचारलं, “याहून खोलात बघता येत नाही का? माझ्या नावाने आणखी कोणी आत शिरलं असेल, हे कळायचा काहीच मार्ग नाही?”

“नाही,” मास्तर म्हणाले.

मार्ग होता. मास्तरांना तो ठाऊक होता. त्यांच्या जाड पुस्तकात त्याच्यावर एक सबंध प्रकरण होतं आणि ते त्यांनी एकदा वाचलंही होतं. डेटाबेसचं मुख्य सॉफ्टवेअर एरवी आपोआप सुरू होतं. पण ते थांबवून, काळ्या पडद्यावर हाताने हुकूम टाइप करून सुरू केलं, आणि त्या हुकमाच्या शेवटी दोन आडव्या रेघा, ‘डीबग’ हा शब्द आणि पुढे ठरावीक अक्षरं जोडली, तर ते सॉफ्टवेअर आपण करत असलेलं प्रत्येक बारीकसारीक काम एका फाइलीत लिहीत जातं. त्याला ट्रेस म्हणतात. कोण आत आलं, कुठल्या मशीनवरून आलं, कोणतं वाक्य घेऊन आलं, त्या वाक्यासाठी आत कोणकोणती कामं सुरू झाली आणि कुठे संपली, सगळं. मात्र त्यासाठी त्या सॉफ्टवेअरची वेगळी आवृत्ती बसवावी लागते, काम थांबवावं लागतं, सगळं गोगलगायीच्या चालीने चालतं आणि फाइल बघता बघता फुगते. मग हजारो ओळी डोळ्यांखालून घालायच्या. दोन-तीन दिवसांची झकमारी. मास्तरांना वाटलं, उत्तर तर समोर आहे, कशाला?

बाईंना खिडकीवरून काढून तळघरात पाठवलं, जुन्या केसपेपरच्या खोलीत. कामावरून काढलं नाही, ही मॅडमची दया समजली गेली.

दोन महिन्यांनी बाईंचा एक अर्ज मॅडमकडे आला आणि मॅडमनी तो ‘तांत्रिक अभिप्रायासाठी’ मास्तरांकडे पाठवला. अर्ज दीड पानी होता. मास्तरांनी वरचा एक परिच्छेद वाचला, वाटलं रडगाणं आहे, आणि खाली लिहून टाकलं, ‘तांत्रिकदृष्ट्या संभवत नाही.’ तारीख, सही. कागद परत गेला.

बाई गेल्यावर नावं जाणं थांबलं, असं सगळ्यांना वाटलं. खरं तर तक्रारी यायच्या थांबल्या होत्या, एवढंच. पाच महिन्यांनी एक शिंपी आले. डावा डोळा झालेला, उजव्याची पाळी विचारायला आलेले. सुईत दोरा ओवायला सुनेला हाक मारावी लागते, म्हणाले. यादीत नाव नव्हतं. मास्तरांनी पुसल्याची नोंद काढली. काउंटर दोन, एक वाजून दहा मिनिटं.

मास्तरांनी तारीख पुन्हा पाहिली. त्या दिवशी दुसरी खिडकी बंद होती. बाईंच्या जागी आलेली नवी मुलगी तापाने घरी होती आणि त्या खिडकीचं मशीन सबंध दिवस सुरूच झालं नव्हतं. हे मास्तरांना पक्कं आठवत होतं, कारण ‘खिडकी बंद आहे’ हा कागद त्यांनीच टाइप करून काचेला चिकटवला होता.

आता ट्रेस टाळता येत नव्हता. मॅडमची परवानगी घेऊन त्यांनी दोन दिवस खपून ती वेगळी आवृत्ती बसवली. तिसऱ्या दिवशी, पाऊण वाजता, सगळ्यांना काम थांबवायला सांगून त्यांनी डेटाबेस बंद केला. काळ्या पडद्यावर हुकूम लिहिला. शेवटी दोन रेघा, ‘डीबग’, आणि अक्षरं: डी म्हणजे तपशील लिही, टी म्हणजे कोणत्या कामाच्या पोटात कोणतं काम शिरलं ते दाखव, आय म्हणजे कोणाच्या जोडणीतून हे चाललंय त्याचा आकडा टाक, आणि ओ म्हणजे या या फाइलीत लिही. एंटर दाबलं. डेटाबेस सुरू झाला तो धापा टाकतच. बाहेर खिडकीवर एक नाव काढायला मिनिट लागू लागलं, बाकांवरची माणसं कुरकुरली. दीडला मास्तरांनी पुन्हा सगळं थांबवलं आणि नेहमीसारखं सुरू केलं. पाऊण तासात फाइलीने डिस्कचा चांगला लचका तोडला होता.

मग दार लावून ते वाचायला बसले. एकेका ओळीच्या सुरुवातीला उभ्या रेघा, जितकं काम खोल तितक्या रेघा जास्त. काम सुरू झालं की एका बाजूला तोंड केलेला बाण, संपलं की उलट्या बाजूला. त्यांनी एक वाजून दहा मिनिटांची वेळ शोधली. तिथे एक नवी जोडणी आत आली होती. खातं काउंटर दोन. पण आली होती ती खिडकीच्या मशीनवरून नाही. त्याच खोलीतल्या, मास्तरांच्या गुडघ्याजवळ घरघरणाऱ्या मुख्य मशीनवरून. बाण आत, आणखी आत, आणि मग तिने आणलेलं वाक्य. आज नोंदलेल्यांपैकी, एकाच केसपेपरच्या नंबरावर दोन ओळी असतील, तर नंतरची पूस.

वाक्याच्या शेवटी एक टीप होती. ‘डबल नोंदी साफ – मास्तर.’

वाक्य त्यांचंच होतं. आठ वर्षांपूर्वीचं. तेव्हा खिडकीवर घाईत एकाच माणसाची नोंद दोनदा व्हायची, म्हणून त्यांनी हा साफसफाईचा हुकूम लिहून रोज जेवणाच्या सुट्टीत आपोआप चालायला लावला होता. त्या दिवशी त्यांच्या स्वतःच्या खात्याची काहीतरी अडचण होती, म्हणून तात्पुरतं काउंटर दोनचं खातं वापरलं. उद्या बदलू, म्हणाले, आणि विसरले. मागच्या वर्षी फॉर्म बदलला आणि प्रत्येक डोळ्याची नोंद वेगळी होऊ लागली. तो बदलही मास्तरांनीच केला. बहुतेकांचा दुसरा डोळा पहिला झाल्यावर काही आठवड्यांनी लिहिला जाई, त्यांना काही झालं नाही. पण लांबून येणाऱ्यांचे दोन्ही डोळे डॉक्टर कधी कधी एकाच सकाळी लिहीत. त्या दिवशी एक वाजून दहा मिनिटांनी मास्तरांचा जुना हुकूम येई आणि दुसरा डोळा डबल समजून पुसून जाई.

 मास्तरांची पहिली भावना पश्चात्तापाची नव्हती. हे आणखी कोणी पाहिलं नाही ना, ही होती. त्यांनी खरंच मान वळवून बंद दाराकडे पाहिलं. आणि आपण पाहिलं हे कळल्यावर त्यांचे कान तापले.

तरीही पुढचं त्यांनी केलंच. हुकूम बंद केला. शिंप्यांचं नाव यादीत योग्य जागी घातलं आणि आधीच्या सहा जणांची, तक्रारीनंतर शेवटी टाकलेली नावंही वर आणली. मॅडमनी विचारलं, काय निघालं? मास्तर म्हणाले, सॉफ्टवेअरमध्ये जुना दोष होता, काढलाय. खोटं नव्हतं, पण त्याहून वाईट होतं. मॅडम घाईत होत्या. महिन्याच्या बैठकीत त्यांनी मास्तरांचे सगळ्यांसमोर आभार मानले, मेट्रननी टाळी वाजवली, आणि मास्तर खाली मान घालून पेनाचं टोपण काढत-लावत राहिले. लोकांना वाटलं, विनय.

त्या दिवसापासून त्यांना दवाखान्यात चालणं जड झालं. तळघराचा जिना मागच्या बाजूला होता, त्यांच्या खोलीच्या वाटेवरच. ते पुढून वळसा घालून जाऊ लागले. एकदा बाई हातात केसपेपरचा गठ्ठा घेऊन वर येताना समोरच आल्या. मास्तरांनी खिशातून फोन काढून कानाला लावला. फोनवर कोणीच नव्हतं. पाच महिन्यांत बाईंचे केस कानशिलांवर पांढरे झाले होते आणि बाहीला धूळ लागली होती, एवढं मात्र त्यांनी पाहिलं. ट्रेसची फाइल पुसावी असं दोनदा मनात आलं. दोन्ही वेळा हुकूम लिहिला आणि एंटर न दाबता खोडला. यात त्यांचा मोठेपणा नव्हता. पुसल्याचीही कुठेतरी नोंद होईल, ही धास्ती होती.

घरी जेवणावरून लक्ष उडालं. चार दिवस पाहून पत्नीने विचारलं. मास्तरांनी आधी उडवाउडवी केली आणि मग भांडी आवरून होईपर्यंत सगळं सांगून टाकलं, अर्जावरच्या शेऱ्यासकट. त्यांना वाटलं होतं, ही म्हणेल, जाऊ द्या, मुद्दाम थोडंच केलंत. पत्नीने हात पुसले.

“अहो, मला काय सांगताय?” ती म्हणाली. “मी तुम्हाला माफ करून त्या बाईंना काय मिळणार?”

दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तर तळघरात गेले. सोबत ट्रेसची अकरा पानं छापून घेतली होती. खोलीत छतापर्यंत मांडण्या, मध्ये एक टेबल, वर एक जाळीची खिडकी. तिच्यातून रस्त्यावरच्या लोकांच्या फक्त चपला दिसत. बाई टेबलाशी बसून फाटके केसपेपर चिकटवत होत्या. त्यांनी वर पाहिलं आणि बसा म्हणाल्या नाहीत.

मास्तर उभ्यानेच बोलले. घरून वाक्यं जुळवून आणली होती, ती एकही आठवली नाही. नावं तुम्ही पुसली नव्हती, माझ्या हुकमाने पुसली गेली, तुमचं खातं मीच वापरलं होतं, असं त्यांनी तीन तुकड्यांत सांगितलं. मग ते थांबले. कारण खरी गोष्ट अजून राहिली होती.

“आणि त्या दिवशी तुम्ही विचारलंत, खोलात बघायचा मार्ग आहे का. तो होता. मला माहीत होतं. मी नाही म्हणालो.”

बाईंनी डिंकाच्या बाटलीला झाकण लावलं. फिरवत फिरवत, घट्ट.

“का?” त्यांनी विचारलं.

“कंटाळा केला,” मास्तर म्हणाले. दुसरं कारण शोधूनही सापडलं नव्हतं.

 बाईंनी हात पुढे केला तो कागदांसाठी. अकरा पानं टेबलावर पसरून त्यांनी पहिल्या ओळीवर बोट ठेवलं आणि हे काय, म्हणून विचारलं. मास्तरांनी सांगितलं. पुढची ओळ. ही रेघ कशाची? हा बाण उलटा का? हा आकडा कोणाचा? पाऊण तास त्या एकेक ओळ समजून घेत राहिल्या. आपल्या खात्याचं नाव आलं तिथे त्यांनी पेन्सिलीने गोल केला, आणि शेवटच्या टिपेतलं मास्तरांचं नाव आलं तिथे दुसरा गोल. मास्तर बाजूला उभे होते. आयुष्यभर त्यांनी दुसऱ्यांच्या चुकांवर असेच गोल केले होते, टायपिंगच्या क्लासपासून. आपल्या नावाभोवती गोल पडताना पाहणं काय असतं ते त्यांना आज कळत होतं.

मग बाई उठल्या आणि मांडणीवरून एक वही काढून आणली. साधी, दोनशे पानी. त्यात केसपेपरचे नंबर आणि नावं होती, प्रत्येकापुढे तारीख आणि ‘दोन्ही डोळे, एकच दिवस, सकाळ’ असा शेरा.

“हे मला तळघरात आल्यावर दुसऱ्याच महिन्यात लक्षात आलं,” त्या म्हणाल्या. “कागद सगळे इथेच येतात ना, ते छापील यादीशी ताडून पाहिले. ज्यांचे दोन्ही डोळे एका सकाळी लिहिले, त्यांचाच दुसरा जातो. कसा जातो ते मला कळत नव्हतं. अर्जात चार उदाहरणं दिली होती, दुसऱ्या पानावर.”

मास्तरांनी दुसरं पान उलटलंच नव्हतं.

वहीत तेवीस नावं होती. तक्रार सात जणांनीच केली होती. बाकीचे लोक निमूटपणे घरी बसले होते, आपली पाळी अजून आली नाही असं समजून. त्यांतल्या पाच जणांसाठी बाईंनी डॉक्टरांच्या मागे लागून नवे फॉर्म लिहून घेतले होते. पण दर वेळी डॉक्टर विचारत, तुमचा आता यात काय संबंध. उरले अकरा. मास्तर आपल्या डोक्यात सात माणसांचं ओझं घेऊन आले होते. ते टेबलाची कड धरून खाली बसले, न विचारता.

मी मॅडमना लेखी देतो, ते म्हणाले.

“लेखी द्याच,” बाई म्हणाल्या. “पण मला चोर ठरवलंत ते कागदावर नाही, माणसांसमोर. त्याच दालनात, त्याच माणसांसमोर बोला. आणि मार्ग होता हे सांगायचं. सॉफ्टवेअरचा दोष म्हणून गुंडाळायचं नाही.”

बैठक तीन दिवसांनी झाली. तेच टेबल, मॅडम, दोन डॉक्टर, मेट्रन, पहिल्या खिडकीचे कारकून. मास्तरांनी उभं राहून सगळं सांगितलं. आवाज एकदाच फाटला, अर्जाच्या दुसऱ्या पानापाशी.  ज्या मेट्रननी टाळी वाजवली होती त्या खिडकीबाहेर बघत होत्या. मॅडमनी अर्ज मागवून घेतला, मास्तरांचा शेरा वाचला आणि त्याखालची स्वतःची सही कितीतरी वेळ पाहिली. मग त्या बाईंना म्हणाल्या की मीही पान उलटलं नव्हतं. बाईंनी मान हलवली, म्हणजे ऐकलं, इतकंच.

निर्णय झाले ते असे. बाईंवर कोणताही ठपका नाही, अशी सूचना फलकावर लागली, कारणासह. मास्तरांच्या हातून डेटाबेस एकट्याचा राहिला नाही. काहीही पुसणारा हुकूम यापुढे दुसऱ्या माणसाने वाचून सही केल्याशिवाय चालवायचा नाही, आणि ती सही बाईंची. दुसरी खिडकी बाईंना परत दिली. बाईंनी महिनाभर थांबायला सांगितलं. आधी वहीतली माणसं, मग खिडकी.

माफी मिळाली का, असं पत्नीने त्या दिवशी विचारलं. मास्तर म्हणाले, मी मागितलीच नाही, मागायला तोंड नव्हतं.

उरलेल्या अकरा जणांना फोन करायचं काम मास्तरांनी मागून घेतलं. तळघरातच, बाईंच्या टेबलाशी बसून ते फोन करत आणि बाई केसपेपर काढून देत. पत्र पाठवता आलं असतं. पण पत्रात दवाखान्याचं नाव असतं, माणसाचं नसतं, असं मास्तर म्हणाले. एक जण ओरडले आणि ओरडतच राहिले. मास्तरांनी फोन कानापासून दूर केला नाही. एका बाईंच्या मुलीने सांगितलं की आईचं दुसरीकडे ऑपरेशन केलं, आता काही नको, आणि फोन ठेवला. एक आजोबा वारले होते. त्यांची नात म्हणाली, शेवटपर्यंत विचारत होते, माझा नंबर कितवा. त्या फोननंतर मास्तर जिन्यात जाऊन उभे राहिले. परत आले तेव्हा बाईंनी पुढचा केसपेपर समोर ठेवला होता.

तो एका घड्याळ दुरुस्त करणाऱ्याचा होता. फोन त्यांनीच उचलला. दवाखान्यातून बोलतोय म्हटल्यावर गृहस्थ खूष झाले. म्हणाले, एवढ्या माणसांत तुम्ही माझी आठवण ठेवलीत, मोठी गोष्ट आहे. एका डोळ्याने बारीक चाकं दिसत नाहीत, त्यामुळे दुकान पुतण्याकडे दिलंय, आता नुसता बसून असतो. पण दवाखान्याला दोष नाही, पाळी येईल तेव्हा येईल, तुमचे उपकार आहेत.

मास्तरांना ते उपकार ऐकवेनात. रागावलेल्या माणसाचे शब्द त्यांनी सोसले होते, हे सोसवत नव्हतं. हो हो म्हणून तारीख देऊन टाकणं किती सोपं होतं. समोर बाई केसपेपरकडे बघत बसल्या होत्या, मास्तरांकडे नाही.

“तुम्ही आभार मानू नका,” मास्तर म्हणाले. “तुमचं नाव यादीत होतं. माझ्या चुकीने पुसलं गेलं. नाहीतर मागच्या वर्षीच तुमचा डोळा झाला असता.”

 पलीकडे, मागे कुठेतरी बरीच घड्याळं टिकटिकत होती, एकमेकांशी न जुळणारी.

“म्हणजे माझा नंबर आला होता?”

“आला होता.”

“दुकान मी पाच महिन्यांपूर्वी दिलं,” ते म्हणाले. आवाजात राग नव्हता. हिशोब चुकलेला माणूस परत बोटं मोजतो तसा होता. “बरं. आता कधी यायचं?”

मास्तरांनी तारीख सांगितली, उपाशीपोटी यायचं, सोबत एक माणूस आणायचा, हे सांगितलं. तुमचं नाव काय, गृहस्थांनी विचारलं. मास्तरांनी आपलं पूर्ण नाव सांगितलं, आडनावासकट. पलीकडे ते कशावर तरी लिहून घेत असावेत, कारण त्यांनी एकेक अक्षर पुन्हा विचारलं.

फोन ठेवल्यावर बाईंनी वहीत त्या नावापुढे तारीख घातली आणि खालच्या ओळीवर बोट ठेवलं. मास्तरांनी चष्मा पुसला आणि पुढचा नंबर लावला.